बंदरातला एक दिवस आणि दोन घड्याळे



भूगोलाच्या तासाला प्रमाणवेळ शिकवताना एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, याचा उपयोग काय?" आपल्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई मागच्या उन्हाळ्यात मुलाकडे मायामीला गेल्या होत्या. तिथून ते दोघे क्रूझने, म्हणजे सहलीच्या प्रवासी जहाजाने, मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर जाऊन आले. त्यांचा अनुभव ऐकला आणि मला या प्रश्नाचे उत्तर सापडले.

कोझुमेल हे कॅरिबियन समुद्रातले बेट मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. जहाज सकाळी धक्क्याला लागते आणि संध्याकाळी निघते. उतरताना प्रत्येकाचे कार्ड यंत्रावर तपासले जाते, त्यामुळे कोण बाहेर आहे हे जहाजाला कळते. फिरायला मिळतात जेमतेम सात-आठ तास. पुष्कळ लोक सान मिगेल गावातल्या समुद्राकाठच्या दुकानांतच दिवस घालवतात. काही जण प्रवाळ पाहायला पाण्यात उतरतात. हा प्रवाळ १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून संरक्षित आहे.

बाई टॅक्सीने बेटाच्या आतील भागात सान गेर्वासियोला गेल्या. तिथे माया लोकांच्या देवळांचे अवशेष आहेत. इश्चेल या देवीच्या दर्शनाला स्त्रिया समुद्र ओलांडून होड्यांनी येत असत. १५१९ मध्ये एर्नान कोर्तेसचे स्पॅनिश सैन्य या बेटावर उतरले, त्याआधीचे हे तीर्थक्षेत्र. जेवायला मक्याची तोर्तिया मिळाली. तिच्यासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात. आपल्या इंदूरच्या भुट्ट्याच्या किसाचा मकासुद्धा मूळचा मेक्सिकोचाच!

गोंधळ झाला तो परतताना. जहाजावर साडेचारच्या आत पोहोचायचे होते. मुलाच्या मोबाईलमध्ये तीन वाजले होते, बाईंच्या मनगटावर चार!

याचे कारण समजून घेऊ. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. कोझुमेल सुमारे ८७ अंश पश्चिमेला आहे, म्हणजे सूर्याप्रमाणे ग्रीनिचच्या जवळजवळ सहा तास मागे. पण पर्यटकांना संध्याकाळी जास्त उजेड मिळावा म्हणून त्या राज्याने फेब्रुवारी २०१५ पासून पाच तास मागची वेळ स्वीकारली. ती बारा महिने तीच राहते. मायामीत मात्र उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, म्हणून तिथली वेळ ग्रीनिचच्या चारच तास मागे असते. त्यांचे जहाज मायामीच्या वेळेवर चालत होते. मोबाईलने बेटावर उतरताच स्थानिक वेळ धरली. बाईंचे जुने चावीचे घड्याळ मात्र मायामीच्याच वेळेवर होते.

स्वतःच्या जबाबदारीवर फिरायला गेलेल्या प्रवाशासाठी जहाज सहसा थांबत नाही, कारण पुढच्या बंदरातली त्याची वेळ ठरलेली असते. जहाज चुकले तर पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने जावे लागते, आणि पासपोर्ट खोलीत राहिला असेल तर अडचण आणखी वाढते. जहाजामार्फत ठरवलेल्या सहलीला उशीर झाला तर मात्र बहुधा वाट पाहतात.

बाईंनी मुलाशी वाद घातला नाही, सरळ टॅक्सीत बसवले. दोघे सव्वाचारला धक्क्यावर पोहोचले.

मुलांनो, परक्या गावी उतरलात की आधी एवढे विचारा : आपली गाडी किंवा जहाज कोणत्या घड्याळावर चालते? पालकांनी सुट्टीत नकाशा उघडून १५ अंशांचे हे गणित मुलांकडून जरूर करून घ्यावे.