पाच देश, एक दिवस, एक गाडी

जर्मनीतल्या आखेन शहरातून सकाळी आठला गाडी काढली, तर नेदरलंड्स, बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि फ्रान्सला जाऊन रात्री परत आखेनला मुक्कामाला येता येतं. जाऊन-येऊन अंतर साधारण चारशे किलोमीटर, म्हणजे मुंबईहून कोल्हापूर गाठण्याइतकं. आई-बाबा पुण्याहून महिना-दोन महिन्यांसाठी आलेले आहेत आणि मुलांना सुट्टी आहे, अशा घरांना मी हाच मार्ग सुचवतो. त्याला कारण आहे. १४ जून १९८५ रोजी ज्या पाच देशांनी आपापसातल्या सीमांवरची तपासणी उठवण्याच्या करारावर सह्या केल्या, तेच हे पाच देश, आणि ज्या शेंगेन गावापाशी तो करार झाला तिथेच हा रस्ता जातो.

तपासणी प्रत्यक्षात उठायला २६ मार्च १९९५ उजाडला. फाटकं गेली, पण प्रत्येक देशाचे कायदे जागच्या जागी राहिले. म्हणून या सहलीची खरी तयारी घरी, आदल्या दिवशी होते.

आधी कागदपत्रं. शेंगेन व्हिसा एका प्रवेशाचा असला तरी या पाच देशांत फिरायला पुरतो, कारण आपण शेंगेन क्षेत्राबाहेर पाऊलच टाकत नाही. मात्र पासपोर्टची मूळ प्रतच हवी, मोबाइलमधला फोटो चालत नाही. तिथे राहणाऱ्यांनी निवास परवान्याचं कार्डही जवळ ठेवावं. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्याच भूसीमांवर तात्पुरती म्हणून पुन्हा तपासणी सुरू केली आणि तिची मुदत वाढत गेली. दहा वेळा कोणी विचारत नाही, अकराव्या वेळी पोलीस गाडी बाजूला घ्यायला सांगतात, आणि तेव्हा आजीचा पासपोर्ट घरच्या कपाटात असून चालत नाही.

भारतातून आलेल्याने गाडी चालवायची असेल तर आपलं लायसन्स आणि आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही लागतात. गाडी भाड्याची असेल तर कोणकोणत्या देशांत नेणार ते कंपनीला आधी सांगून करारात लिहून घ्यावं. विम्याचा प्रश्न तिथेच सुटतो. डिकीत धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चमकणारी जाकिटं आहेत का, हे डिकी उघडून स्वतः पाहावं. जाकीट हाताशी, म्हणजे आसनाजवळ ठेवावं. हायवेवर गाडी बंद पडली तर ते अंगात घालूनच खाली उतरायचं असतं. मुलांच्या आसनाचे नियम देशागणिक वेगळे आहेत. जर्मनीत बारा वर्षांखालच्या आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला योग्य आसन लागतं, बेल्जियममध्ये उंचीची अट १३५ सेंटिमीटर आहे. अशा वेळी सगळ्यांत कडक नियम धरून चालावं. मूल १५० सेंटिमीटरचं होईपर्यंत आसन ठेवलं की कुठेच अडचण येत नाही.

आता गाडी चालवण्याबद्दल. स्टेअरिंग डावीकडे आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने, याची सवय तासाभरात होते. अवघड जातो तो दुसरा नियम: ज्या चौकात सिग्नल नाही, पाटी नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपला रस्ता रुंद आणि सरळ, उजवीकडून येणारी गल्ली अरुंद, तरीही हक्क त्या गल्लीतल्या गाडीचा. ती गाडी तुमच्याकडे न बघता पुढे येते, कारण तुम्ही थांबणार हे तिच्या चालकाने धरलेलंच असतं. आपल्याकडे मोठा रस्ता म्हणजे मोठा हक्क, ही सवय हाडीमासी भिनलेली असते, ती इथे घातक ठरते. पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन टोकावर उभा केलेली पाटी दिसली, तर तुम्ही अग्रहक्काच्या रस्त्यावर आहात. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग रंगवलेली असेल आणि त्यांची टोकं तुमच्याकडे रोखलेली असतील, तर थांबून वाट द्यायची पाळी तुमची. शेजारी बसणाऱ्याने नकाशाऐवजी या दोन खुणा सांगत राहाव्यात. पहिल्या दिवशी त्याहून मोठी मदत नाही.

वेगाचंही तसंच. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर जर्मनीत ताशी १००, नेदरलंड्समध्ये ८०, बेल्जियमच्या वालोनिया भागात आणि लक्झेंबर्गमध्ये ९०, तर फ्रान्समध्ये बहुतेक ठिकाणी ८० किलोमीटर. बेल्जियमच्या हायवेवर १२०, लक्झेंबर्गमध्ये १३० आणि पाऊस असेल तर ११०. सीमेवर बारा ताऱ्यांची निळी पाटी लागते, तिच्या आसपास या मर्यादांचा फलक असतो. तिथे वेग कमी करून तो मोठ्याने वाचावा, मुलांना हे काम फार आवडतं. बेल्जियम आणि नेदरलंड्समध्ये काही ठिकाणी दोन कॅमेऱ्यांमधल्या अंतरावरून सरासरी वेग मोजतात, त्यामुळे कॅमेरा दिसल्यावर ब्रेक मारून काही साधत नाही.

पहिला थांबा आखेनपासून अगदी जवळ, वाल्सच्या टेकडीवर. जर्मनी, नेदरलंड्स आणि बेल्जियम यांच्या सीमा इथे एका खांबापाशी मिळतात. टेकडीची उंची ३२२ मीटर, आणि युरोपातल्या नेदरलंड्सचं हे सर्वोच्च ठिकाण. मुलं खांबाभोवती धावत सुटतात, एका फेरीत तीन देश. त्यांना थांबवून एक गोष्ट जरूर सांगावी. १८१६ पासून पहिल्या महायुद्धानंतरपर्यंत इथे चौथी सीमाही होती. शेजारच्या जस्ताच्या खाणीवर प्रशिया आणि नेदरलंड्स यांचं एकमत होईना, म्हणून साधारण साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा कोणालाच न देता तटस्थ ठेवला गेला. त्याचं नाव न्यूट्रल मोरेस्ने. १९०८ मध्ये तिथल्या काहींनी तो एस्पेरांतो बोलणाऱ्यांचा देश करायचा बेत आखला होता.

तिथून ओयपेनमार्गे दक्षिणेला निघावं. हे बेल्जियम, पण पाट्या जर्मन भाषेत, कारण हा भाग व्हर्सायच्या तहानंतर बेल्जियमला मिळाला. पुढे दलदलीचं उघडं पठार लागतं आणि त्यावर ६९४ मीटरवर बोत्रांज, बेल्जियमचं सर्वांत उंच ठिकाण. तिथे सहा मीटरचा चौथरा बांधून पायऱ्या केल्या आहेत, वर गेलं की ७०० मीटर पुरे होतात. आजी-आजोबाही सहज चढतात. भर उन्हाळ्यातही वारा बोचरा असतो, स्वेटर डिकीत नको, हातात असू द्या. दशम्या आणि चटणीचा डबा इथेच उघडावा. रविवार असेल तर हा डबा फारच उपयोगी, कारण जर्मनीतली बहुतेक दुकानं त्या दिवशी बंद असतात. त्याच दिवशी तिथे अवजड ट्रकनाही बंदी असल्याने रस्ते मात्र मोकळे मिळतात.

मालमेडी आणि सांक्ट फिट ही पुढची गावं डिसेंबर १९४४ च्या आर्डेनच्या लढाईत होरपळली. सांक्ट फिट बाँबहल्ल्यांत जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झालं. गाडी न थांबवता जिथून आपण पुढे जातो, तिथे हे घडलं आहे, एवढं तरी मुलांच्या कानावर घालावं.

लक्झेंबर्गमध्ये शिरताच पेट्रोलपंपांची रांग दिसते. इथे इंधनाचा कमाल दर सरकार ठरवतं आणि करही शेजाऱ्यांपेक्षा कमी, म्हणून टाकी इथे भरावी. पंपांवर भाव सारखाच, तेव्हा स्वस्त पंप शोधत फिरू नये. थोडं आत क्लेर्वोच्या किल्ल्यात एडवर्ड स्टायकेन यांनी जमवलेलं ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे छायाचित्रांचं प्रदर्शन कायमचं मांडलं आहे, ५०३ छायाचित्रं. दिवसभरात एकच गोष्ट आतून पाहायची तर ही पाहावी. लक्झेंबर्ग शहर मात्र या फेरीत घेऊ नये. त्याला स्वतंत्र दिवस द्यावा, शिवाय २०२० पासून तिथली बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग फुकट असल्याने त्या दिवशी गाडीही लागत नाही.

दुपारी चारच्या सुमारास मोझेल नदीकाठी, द्राक्षमळ्यांच्या उतारांखाली शेंगेन येतं. गाव लहान आहे. करारावर सह्या झाल्या त्या जमिनीवर नव्हे, ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रीद’ नावाच्या बोटीवर, कारण तीन देश मिळतात तो बिंदू नदीत आहे. काठावर संग्रहालय आहे. इथली नदी अर्धी तुमची, अर्धी आमची अशी वाटलेली नाही, सबंध पात्र लक्झेंबर्ग आणि जर्मनी दोघांच्या सामाईक मालकीचं आहे. त्यामुळे पलीकडच्या पेर्ल गावाला नेणाऱ्या पुलावर मधोमध उभं राहिलं की माणूस एकाच वेळी दोन्ही देशांत असतो. पूल उतरून उजवीकडे वळलं की थोड्याच अंतरावर आपाख, म्हणजे फ्रान्स.

परतीला पेर्लहून ट्रियर आणि तिथून उत्तरेचा हायवे धरावा, दोन-अडीच तास लागतात. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा सातला निघालात तरी बहुतेक रस्ता दिवसाउजेडी कापता येतो. थकवा असेल तर चालक इथेच बदलावा, आणि चालवणाऱ्याने मोझेलच्या प्रसिद्ध वाइनची बाटली घरी नेऊनच उघडावी.