असं का होतं? : मूत्राशयात मावतं तरी किती?

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून सणसरकडे निघते, पुढे बेलवाडीचं रिंगण, मग इंदापूर. वाटेत आडोसा मिळेल न मिळेल, या धास्तीने अनेक वारकरी बाया पाणीच कमी पितात. पण शरीर किती वेळ थांबवून धरणार?

प्रौढ स्त्रीच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ६०० मिलिलिटर लघवी मावते. रिकामं असताना ते पाणक्याच्या रित्या पखालीसारखं चुणलेलं असतं. मूत्रपिंडांकडून मिनिटाला एक-दोन मिलिलिटर लघवी येत राहते, तशा चुण्या उलगडतात. त्यामुळे भरत असतानाही आतला दाब फारसा वाढत नाही. सुमारे १५० ते २०० मिलिलिटर साठले, की भिंतीतले मज्जातंतू ताण ओळखून मेंदूला पहिली वर्दी देतात. जागा सोयीची नसेल, तर मेंदू थांबायला सांगतो आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायू आवळलेला राहतो. ३०० ते ४०० मिलिलिटरच्या पुढे मात्र घाई होते.

गरोदरपणात वाढलेलं गर्भाशय मूत्राशयावर रेलतं, म्हणून थोड्या लघवीलाही कळ येते.

पाणी तोडून प्रश्न सुटत नाही. लघवी दाट होते, जळजळते. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषांचा सुमारे वीस. जंतू चटकन वर चढतात आणि त्यांना धुऊन काढणारी धार तर अडवून धरलेली असते. म्हणूनच वारीच्या वाटेवर दर दोन-तीन तासांच्या चालीवर बायकांसाठी पाणी आणि कडी असलेलं स्वच्छतागृह हवं.