भावाने ठरवलेले खनिज

डोंगरात खनिज किती आणि माती किती, हे भूगर्भशास्त्र सांगते असे आपण धरून चालतो. गोव्यात ते बाजाराने ठरवले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतले लोहखनिज बरेचसे कमी प्रतीचे. देशातल्या पोलाद कारखान्यांना त्याचे फारसे आकर्षण नव्हते. त्यामुळे 1950 च्या दशकापासून जपानला जाणारा चांगला माल निवडून घ्यायचा आणि बाकीचे खाणीशेजारी डंपवर टाकायचे, असे चालले. पुढे चीनच्या पोलाद भट्ट्यांची भूक वाढली, जागतिक भाव कित्येक पटींनी चढला आणि त्या डंपनाही गिऱ्हाईक मिळाले. 2010-11 मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले, तेही 3,702 चौरस किलोमीटरच्या राज्यातून. एक टन खनिजामागे साधारण अडीच-तीन टन माती काढावी लागते. बार्जमधून मुरगाव बंदराकडे जाते ते खनिज. माती इथेच राहते आणि पावसात ओढ्यांत, भातशेतीत उतरते. खाण भूजलाच्या खाली गेली की पाणी सतत उपसावे लागते आणि आसपासच्या विहिरी आटतात. यातला एकही खर्च चिनी खरेदीदाराच्या बिलात नसतो, म्हणून तर माल इतका स्वस्त पडतो.

यावर उत्तर येते की दोष व्यापाराचा नव्हे, बेकायदा खाणकामाचा. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने गैरप्रकार दाखवले, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2012 मध्ये खाणी थांबवल्या आणि 2014 मध्ये भाडेपट्टे 2007 सालीच संपले होते असा निकाल दिला, हे सारे खरे. पण कायदा नेमका तेजीच्या वर्षांतच का ढिला पडला? भाव चढला की नियम मोडण्याचा नफा चढतो, देखरेख करणारे मात्र तेवढेच असतात. न्यायालयाचा उपायही हेच सुचवतो: वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा, म्हणजे किती खणायचे ते भावावर सोडायचे नाही.

रोजगाराचा आक्षेप अधिक वजनदार आहे. ट्रक आणि बार्जवाल्यांनी तेजीत कर्जे काढली होती, बंदीने ती अंगावर आली. तरीही हा रोजगार भावाइतकाच चंचल होता. 2015 मध्ये खाणी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा भाव कोसळलेला होता. वर्षअखेरीस तो टनाला 40 डॉलरच्या खाली गेला. राहिला प्रश्न बिलात नसलेल्या खर्चाचा. निर्यात शुल्क हे उरलेल्या मातीचा आणि आटलेल्या विहिरींचा खर्च मालाच्या किमतीत घालण्याचे एक सोपे साधन होते. केंद्राने 2016 च्या अर्थसंकल्पात 58 टक्क्यांहून कमी लोह असलेल्या खनिजावरचे, म्हणजे मुख्यतः गोव्याच्या मालावरचे, तेच शुल्क काढून टाकले.