गुडघा टेकलेला खेळाडू आणि द्विधा मनाचा चाहता

अमेरिकन फुटबॉल, म्हणजे अंडाकृती चेंडूचा आणि पायांपेक्षा हातांनीच अधिक खेळला जाणारा खेळ. त्याची व्यावसायिक लीग एनएफएल. या लीगच्या चाहत्यांची निष्ठा २०१६ मध्ये कसोटीला लागली. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाच्या चढाईची सूत्रे सांभाळणारा खेळाडू, कॉलिन कॅपर्निक कृष्णवर्णीयांवरील पोलिसी अत्याचारांच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहिला.

पुढे नेट बोयर या माजी सैनिकाशी चर्चा झाल्यावर त्याने बसण्याऐवजी एक गुडघा टेकला. दिवंगत सहकाऱ्याच्या समाधीपुढे सैनिक असाच गुडघा टेकतात, हा त्यामागचा विचार होता. तरीही अनेकांना तो राष्ट्रध्वजाचा अपमानच वाटला.

मैदानात राजकारण नको, असे म्हणणे सोपे असले तरी ते तेथे आधीपासूनच होते: सामन्यांच्या वेळी सैनिकांचे सत्कार व्हावेत म्हणून संरक्षण खाते संघांना पैसे मोजत होते, हे मॅकेन आणि फ्लेक या सिनेटरांच्या २०१५ च्या अहवालाने उघड केले.

२०१६ च्या हंगामानंतर कॅपर्निकला एकाही संघाने मैदानात उतरवले नाही. असे डावलले गेल्याच्या त्याच्या तक्रारीवर २०१९ मध्ये लीगने त्याच्याशी तडजोड केली. २०२० मध्ये लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी खेळाडूंचे आधी न ऐकल्याची चूक मान्य केली. कॅपर्निकचे नाव मात्र घ्यायचे राहून गेले.

निषेधाचा समर्थक असलेला चाहता रविवारी सामना लावतो तेव्हा त्याच लीगच्या गल्ल्यात भर घालतो, आणि बहिष्कार घालावा तर कॅपर्निकप्रमाणे गुडघा टेकलेल्या खेळाडूंचाच खेळ पाहायचा राहतो. धरले तर चावते, सोडले तर पळते.