विश्लेषण : घर भाड्याने देताना नोटरीचा कागद पुरेसा का नाही?

सांगली-मिरज रस्त्यावरच्या विश्रामबागेत बंगल्यांच्या आणि अपार्टमेंटच्या फाटकांवर ‘रूम भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या नेहमी दिसतात. वर्षानुवर्षे ठरून गेलेली पद्धत अशी, की ओळखीतून भाडेकरू मिळतो, स्टॅम्प पेपरवर ११ महिन्यांचा करार टाइप होतो, नोटरीचा शिक्का बसतो आणि किल्ली हातात दिली जाते. बहुतेक वेळा पुढे काही बिघडत नाही. मात्र बिघडले, तर तो कागद घरमालकाच्या फारसा उपयोगी पडत नाही. कारण महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी कायद्याने भाडेकरूवर नव्हे, तर मालकावर टाकली आहे.

विश्रामबागेत हा प्रश्न महत्त्वाचा का?

सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या मधला हा भाग शिक्षण, नोकरी आणि वैद्यकीय सेवा या तिन्ही कारणांनी भाडेकरूंना सोयीचा आहे. १९१९ मध्ये सुरू झालेले विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय येथेच आहे. जिल्हाधिकारी कार्यालय जवळच्या विजयनगरला आहे, तर रुग्णालयांचे शहर असलेले मिरज थोड्याच अंतरावर. विद्यार्थी, बदलीवर आलेले कर्मचारी, परिचारिका, शिकाऊ डॉक्टर असा सतत बदलणारा भाडेकरू वर्ग येथे आहे.

घरे भाड्याने देणारे मात्र बहुतांश व्यावसायिक नाहीत. निवृत्तीनंतर वरचा मजला देणारे ज्येष्ठ दाम्पत्य, मुले पुण्यात किंवा परदेशात गेल्याने रिकामा झालेला फ्लॅट, गुंतवणूक म्हणून घेतलेले दोन खोल्यांचे घर असा हा मालक वर्ग. त्यांच्यासाठी भाडे हे जोडउत्पन्न असते, पण पणाला लागते ते आयुष्यभराच्या बचतीतून उभे राहिलेले घर.

कायदा नेमके काय सांगतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा प्रत्येक करार लेखी असला पाहिजे आणि तो नोंदणी कायद्याखाली नोंदवलेला असला पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे.

शिक्षेपेक्षाही महत्त्वाची आहे ती याच कलमातील दुसरी तरतूद. लेखी आणि नोंदणीकृत करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर येते. समजा, मालकाने ३० हजार रुपये डिपॉझिट घेतले आणि भाडे नऊ हजार ठरवले. वाद झाल्यावर भाडेकरू म्हणाला, की डिपॉझिट एक लाख होते आणि भाडे सहा हजार. तर पुरावा शोधण्याची वेळ मालकाची. नोटरी फक्त सही कोणी केली याची साक्ष देतो. नोटरीचा शिक्का म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदणी नव्हे.

मग ११ महिन्यांचा आकडा आला कुठून?

केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी बंधनकारक आहे. ती टाळण्यासाठी देशभर ११ महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र २००० नंतर या प्रथेचा तो फायदा उरलेला नाही. येथे ११ महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो. उलट, लिव्ह अँड लायसन्स करार ६० महिन्यांपर्यंतच्या मुदतीचा करता येतो. चांगला भाडेकरू असेल तर दोन-तीन वर्षांचा करार करून त्यातच दरवर्षीची भाडेवाढ लिहून ठेवणे अधिक सोयीचे ठरते.

घरमालकांच्या मनातील जुन्या भीतीलाही इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवाना करारावर जागेत राहत असलेल्यांना थेट भाडेकरूचे संरक्षण मिळाले. तात्पुरती म्हणून दिलेली जागा अनेकांच्या हातून कायमची गेल्यासारखी झाली. ‘भाडेकरू ठेवला की घर गेले’ हा समज त्या काळातून आलेला आहे. १९९९ च्या कायद्याने मालकाला बरेच संरक्षण दिले, पण ते कागदपत्रे नीट असणाऱ्यालाच मिळते.

‘लायसन्स’ आणि ‘भाडेपट्टा’ यात फरक काय?

लायसन्स म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याची परवानगी. तिच्यातून जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. भाडेपट्ट्यात मात्र जागेत हक्क निर्माण होतो. त्या नात्यातील भाडेकरूला भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण मिळते: भाडे वर्षाला चार टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही आणि कायद्यात दिलेल्या ठरावीक कारणांशिवाय जागा खाली करून घेता येत नाही.

करारावर वर काय नाव लिहिले आहे, एवढ्यावर न्यायालय थांबत नाही. दोन्ही पक्षांचा हेतू काय होता आणि जागेचा पूर्ण ताबा कोणाकडे होता हे पाहिले जाते, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच मांडले आहे. म्हणून इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यात नावे बदलून करार करणे धोक्याचे. त्यात अनेकदा ‘भाडेपट्टा’ आणि ‘लायसन्स’ हे शब्द सरमिसळ वापरलेले असतात.

मुदत संपूनही घर सोडले नाही तर?

राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेसाठी कलम २४ मध्ये वेगळा, जलद मार्ग आहे. मुदत संपल्यावर ताबा मिळाला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. भाडेकरूला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बचाव मांडण्याची परवानगी मागावी लागते. तसे न केल्यास अर्जातील म्हणणे मान्य आहे असे धरून आदेश होऊ शकतो. लेखी परवाना करारात जे नमूद आहे, ते येथे निर्णायक पुरावा मानले जाते. शिवाय मुदतीनंतर ताबा न सोडणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते.

हे संरक्षण दोन ठिकाणी निसटते. पहिले, मुदत संपली तरी नवा करार न करता मालक मोबाइलवर येणारे भाडे महिनोन्‌महिने स्वीकारत राहतो. मग ‘नवा तोंडी करार झाला होता’ असा दावा करायला जागा मिळते. दुसरे, कलम २४ फक्त राहण्याच्या जागेला लागू आहे. दुकान, दवाखाना किंवा क्लाससाठी गाळा दिला असेल, तर दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता धरावा लागतो. राहण्यासाठी दिलेल्या फ्लॅटमध्ये शिकवणी किंवा कार्यालय सुरू होणार नाही, ही अट म्हणूनच करारात स्पष्ट हवी.

वीज-पाणी तोडून ताबा घेता येतो का?

नाही. भाडे थकले म्हणून वीज किंवा पाणी तोडणे हा कलम २९ नुसार गुन्हा असून त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे हे तर अंगलट येणारे उपाय. कायदेशीर मार्ग सोडून बाहेर काढलेली व्यक्ती सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकते. अशा वेळी बाजू खरी असलेला मालकच आरोपीच्या जागी उभा राहतो.

‘१२ वर्षे राहिला की घर त्याचे’ हा समजही सरसकट खरा नाही. मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याला केवळ वर्षे उलटली म्हणून मालकी मिळत नाही. मात्र त्यासाठी तो परवानगीने राहत होता, हे दाखवणारा कागद हाताशी असावा लागतो.

नोंदणीचा खर्च किती?

लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते संपूर्ण मुदतीचे भाडे आणि परत करायच्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर मोजतात. वरच्याच उदाहरणात ११ महिन्यांचे भाडे ९९ हजार आणि डिपॉझिटवरील व्याज २,७५० रुपये, म्हणजे एकूण १,०१,७५० रुपये. त्यावर शुल्क सुमारे २५४ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये आहे. दस्त हाताळणी शुल्क आणि कोणाची मदत घेतल्यास त्याचा मेहनताना वेगळा.

नोंदणी महानिरीक्षकांच्या संकेतस्थळावर आधारच्या मदतीने ही नोंदणी ऑनलाइन करता येते. दुय्यम निबंधक कार्यालयात हेलपाटे घालायची गरज उरलेली नाही. म्हणजे एका महिन्याच्या भाड्याच्या थोड्याशा हिश्शात घराचे संरक्षण होते.

पोलीस, सोसायटी आणि प्राप्तिकर

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे आवश्यक करणारे आदेश जिल्हा प्रशासनाकडून काढले जातात आणि ते मोडल्यास मालकावर गुन्हा नोंद होऊ शकतो. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ही माहिती भरता येते. विश्रामबाग पोलीस ठाण्यातही देता येते. भाडेकरू परदेशी नागरिक असेल, तर ‘सी फॉर्म’ २४ तासांच्या आत भरावा लागतो.

गृहनिर्माण सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल बिनभोगवटा शुल्क आकारू शकते. मात्र १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. गृहकर्ज चालू असेल, तर बँकेच्या अटी आधी पाहाव्यात. घर एकापेक्षा अधिक नावांवर असेल, तर सर्वांची संमती किंवा कुलमुखत्यारपत्र घ्यावे. भावाभावांच्या वादात भाडेकरू अडकल्याची उदाहरणे नवी नाहीत.

घरभाडे हे करपात्र उत्पन्न आहे. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. मालक अनिवासी भारतीय असेल, तर भाडे कितीही कमी असले तरी भाडेकरूने ३० टक्के दराने, अधिक उपकरासह, कर कापून भरायचा असतो. मुलगा अमेरिकेत आणि फ्लॅट त्याच्या नावावर, अशा घरांत हा नियम हमखास विसरला जातो.

ऑनलाइन जाहिरातीतील सापळा

घराची जाहिरात संकेतस्थळावर टाकली, की काही वेळा लष्करी अधिकारी असल्याची बतावणी करणारा फोन येतो. घर न पाहताच तो डिपॉझिट देण्याची तयारी दाखवतो आणि ‘पैसे मिळण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतो. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन मागितला, की तो पैसे काढून घेण्याचा डाव समजावा. फसवणूक झाल्यास लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

समाजमाध्यमांवर अधूनमधून ‘नवे भाडे नियम लागू’ असे संदेशही फिरतात. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरू कायदा हा राज्यांसाठी नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही.

किल्ली देण्यापूर्वी काय तपासावे?

● करार लिव्ह अँड लायसन्सचाच आहे आणि त्याची नोंदणी पूर्ण झाली आहे. किल्ली त्यानंतरच द्यावी.
● भाडे, डिपॉझिट, मुदत, भाडेवाढ, नोटिशीचा कालावधी आणि जागेचा वापर करारात स्पष्ट लिहिला आहे.
● डिपॉझिट आणि भाडे बँक खात्यातूनच घेतले जाते.
● वीज मीटरचे रीडिंग, पंखे, गीझर, फर्निचर यांची यादी आणि फोटो कराराला जोडले आहेत. मीटर मालकाच्या नावावर असेल, तर थकबाकीसाठी महावितरण मालकालाच विचारते.
● पूर, आग किंवा अन्य आपत्तीत घर राहण्याजोगे न राहिल्यास भाड्याचे काय, याची अट आहे. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत ही अट विसरून चालणार नाही.
● मुदत संपण्याआधी किमान महिनाभर मोबाइलमध्ये स्मरणसूचना लावली आहे.

नोंदणीकृत करार भाडेकरूच्याही हिताचा असतो. डिपॉझिट किती दिले आणि ते केव्हा परत मिळणार, हे त्यालाही दाखवता येते. त्यामुळे ‘ओळखीतले आहेत, कागद कशाला’ असे वाटत असेल, तर ओळख टिकवण्यासाठीच तो कागद करून घ्यावा.