खंड्याने पायपुसणंच का निवडलं?

बसा पोरांनो. पण आधी एकाने उठा आणि आपल्या खंड्या पिल्लाला अंगणातल्या त्या पाचटावर नेऊन सोडा. काला खाऊन त्याला पाच-दहा मिनिटं होत आली. का न्यायचं ते सांगतो, पण आधी न्या. गोष्ट थांबेल, तो थांबायचा नाही.

हां, आता ऐका.

आपल्या भांडगावाला कुत्री काही नवी नाहीत. सोलापूर हायवेच्या ढाब्यांमागे आहेत, मळ्यात वस्तीवस्तीला आहेत, मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांच्या वाड्यावर तर असतातच. जेजुरीच्या खंडोबाच्या तसबिरीतही घोड्याबरोबर कुत्रा असतो. पण ही सगळी कुत्री अंगणापर्यंतची. उंबऱ्याच्या आत त्यांना मज्जाव, त्यामुळे कुठे करायचं आणि कुठे नाही हे त्यांना शिकवायची पाळीच कुणावर आली नाही. एखादं पिल्लू चुकून आत शिरलंच, तर जमीन शेणाने सारवलेली. ओलं झालं तेवढं उकरायचं, वरून पोतेरं फिरवायचं, झालं. आता फरशी आली, कुत्रं कोचापर्यंत आलं आणि सूनबाईच्या हातात दिवसभर फडकं आलं.

खंड्याला तुम्ही आणलंत गुऱ्हाळावरून. दौंड तालुक्यात गुऱ्हाळांना काय तोटा! तिथे वाळत टाकलेल्या चिपाडांच्या ढिगात त्याची आई व्यायली. माणसांची एवढी वर्दळ, चुलवाणाचा धूर, आणि तिने नेमकी तीच जागा धरली. यात नवल नाही. आयसर कोलकाता या संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी गल्लीतल्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. २०१६ साली त्यांनी लिहिलं, की बेवारस कुत्री व्यायला जागा शोधते ती माणसांपासून लांब नाही, माणसांच्या जवळच.

तर खंड्या घरात आला आणि आल्या आल्या त्याने पायपुसणं ओलं केलं. मग आजीची गोधडी. मग धुऊन वाळवलेलं तेच पायपुसणं पुन्हा. तुमची आई चिडली. "एवढी फरशी मोकळी पडलीय, तिथे नाही! मुद्दाम करतंय मेलं." मुद्दाम नाही गं बाई. त्याच्या हिशेबाने तो अगदी बरोबर वागत होता. तो हिशेब कुठून आला, ती आजची गोष्ट.

पिल्लू जन्मतं तेव्हा आंधळं असतं आणि बहिरंही. डोळे उघडायला दोन आठवडे जातात, कान त्यानंतर थोड्या दिवसांनी. पण याहून मोठी अडचण सांगतो. त्याला स्वतःहून मुतताही येत नाही. हसू नका. आई शेपटीखाली जिभेने चाटते, तो स्पर्श कातडीतल्या नसांतून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जातो आणि तिथूनच परस्पर मूत्राशयाला हुकूम सुटतो. मेंदूला याचा पत्ताच नसतो. आईने चाटलंच नाही, तर मूत्राशय तुंबून पिल्लू दगावतं. म्हणून आईवेगळं पिल्लू वाढवणारी माणसं दर दुधानंतर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस तिथे हळूच फिरवतात. कापसाला जीभ समजून पिल्लू मोकळं होतं.

आणि जे बाहेर येतं ते आई गिळून टाकते. शी म्हणू नका, त्यात मोठी अक्कल आहे. एक तर वास उरत नाही, म्हणजे शिकाऱ्याला पिल्लांचा माग लागत नाही. दुसरी गोष्ट आपल्यासारख्या कमी पावसाच्या पट्ट्यातल्या माणसाला चटकन कळेल. ऑस्ट्रेलियात डिंगो म्हणून रानटी कुत्रा आहे, रखरखीत वाळवंटातही तो राहतो. १९७५ साली बॅव्हरस्टॉक आणि ग्रीन या शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं, की डिंगोची आई दुधातून जेवढं पाणी पिल्लांना देते, त्यातलं सुमारे एक तृतीयांश ती असं चाटून परत मिळवते. आपल्या ठिबकवाल्यांनी तिच्याकडे शिकवणी लावावी.

तिसऱ्या आठवड्यानंतर पिल्लाचे पाय जमिनीवर ठरायला लागतात. मज्जारज्जूचा तो परस्पर कारभार हळूहळू बंद होतो, सूत्रं मेंदूकडे येतात. आणि मग कुणी न सांगता एक गंमत घडते. पिल्लू झोपायची जागा सोडून डुगडुगत चार पावलं बाहेर जातं, तिथे करतं आणि परत येऊन भावंडांच्या ढिगात शिरतं. अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी पाच जातींची पिल्लं वर्षानुवर्षं वाढवली, त्यांच्यावर नजर ठेवली आणि १९६५ साली जाडजूड पुस्तक लिहिलं. दोन महिन्यांच्या आगेमागे पिल्लांच्या जागा ठरून जातात, असं त्यांना दिसलं.

ही खोड घराण्यातली आहे. चौफुल्यावरून सुप्याच्या रस्त्याला लागलं की ऊस मागे पडतो आणि माळ सुरू होतो. तिथेच मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली चिंकारांसाठी राखलेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. त्या बाजूच्या माळांवर लांडगा आहे. धनगरांना विचारा, शिव्या घालून सांगतील. लांडगीण हिवाळ्यात ओढ्याच्या काठाला किंवा एखाद्या घळीत बीळ धरते. बिळात घाण साचली की जंत आले, पिसवा आल्या, वासावर तरस आलं. ज्यांना बाहेर जायची बुद्धी झाली ती पिल्लं जास्त जगली, त्यांची पुढे पिल्लं झाली आणि बुद्धी रक्तात उतरली. लांडग्यापासून कुत्रा फुटला त्याला निदान पंधरा हजार वर्षं झाली. आपल्या माळावरचा लांडगा त्याचा आजा नव्हे हं, ते चुलत घराणं. ज्या लांडग्यांपासून कुत्रा आला, ती जमात आता उरलेली नाही. बीळ निर्मळ ठेवायची खोड तेवढी राहिली.

आता पायपुसण्याचा उलगडा. पिल्लू आपली जागा डोळ्यांपेक्षा पंजांनी आणि नाकाने ओळखतं. पाचव्या आठवड्यापासून आठव्या-नवव्यापर्यंत पायाखाली जे असेल, ते त्याच्या मनात पक्कं बसतं. गवतावर वाढलेल्याला गवत लागतं, मातीवर वाढलेल्याला माती. जाळीच्या पिंजऱ्यातच वाढवून विकलेल्या बिचाऱ्याला झोपायची जागा आणि घाणीची जागा वेगळी असते हेच ठाऊक नसतं. असं पिल्लू शिकवायला फार जड जातं. खंड्याच्या पायाखाली काय होतं? चिपाड आणि पाचट. मऊ, भुसभुशीत, ओल पिऊन टाकणारं. आता आपल्या घरात नजर फिरवा. फरशी गार, कडक, गुळगुळीत. मऊ आणि ओल पिणारं काय आहे? दारातलं काथ्याचं पायपुसणं आणि आजीची गोधडी. तो बिचारा घरभर संडास शोधत होता आणि त्याला तो सापडला!

म्हणून मी मळ्यातून कवळाभर पाचट आणून अंगणाच्या कोपऱ्यात पसरलं. सूनबाई म्हणाली, "आबा, पसारा कमी आहे का?" पण खंड्याने काय केलं ते तुम्ही बघितलंत. नाक खाली घातलं, एक गिरकी घेतली, उलटी दुसरी घेतली, मागचे पाय जवळ आणले आणि बसला. आता काही दिवस घरातली पायपुसणी माळ्यावर. आणि पाचट रोज मूठमूठ कमी करायचं, म्हणजे शेवटी खाली नुसती माती उरेल आणि तीच त्याची जागा होईल.

राहिलं ते खुराडं. तुमचा पुण्याचा काका म्हणतो त्याला क्रेट म्हणतात, ऑनलाइन मिळतं. मिळू दे. आपण कोंबड्यांचं जुनं खुराडं घासून, उन्हात तापवून, आत पोतं अंथरून ठेवलंय. तुम्हाला वाटतं आबांनी पिल्लाला कोंडलं. पहिल्यांदा मी दार लावलंच नव्हतं. भाकरीचा तुकडा आत टाकायचा, तो जाऊन खायचा आणि बाहेर यायचा. मग काल्याचं ताटलंच आत. मग खाताना दार नुसतं लोटायचं आणि तो कुरकुरायच्या आत उघडायचं. आता दुपारी डुलकी आली की तो आपण होऊन आत जाऊन पडतो. रागावून मात्र त्याला तिथे कधी टाकायचं नाही, नाहीतर बिळाचा तुरुंग व्हायला एक दिवस पुरतो.

खुराड्याच्या आत मी फळी टाकलीय ती पाहिलीत? त्याला उभं राहता यावं, वळता यावं, पाय ताणून झोपता यावं, एवढीच जागा ठेवलीय. जास्त ठेवली तर हा शहाणा एका टोकाला झोपेल आणि दुसऱ्या टोकाला कार्यक्रम उरकेल. वाढेल तशी फळी सरकवायची. आणि उन्हाळ्यात हे खुराडं पत्र्याखाली नेऊन ठेवाल तर माझ्याशी गाठ आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या कामाच्या ग्रंथी काय त्या पंजांच्या गादीत, बाकी सगळी भिस्त जीभ काढून धापा टाकण्यावर. दौंडच्या उन्हात तेवढ्याने भागत नाही.

रात्री खुराडं घरात, दाराला कडी. कारण उसात बिबट्या आहे. शिरूर, जुन्नरकडे त्याने उसातच बस्तान मांडलंय, आणि ऊस तर आपल्या बांधापर्यंत आहे. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सोबत्यांनी बिबट्याची विष्ठा गोळा केली. तीत न पचलेले केस असतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले की कुणाला खाल्लं ते कळतं. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्यात ३९ टक्के कुत्री निघाली. शेळ्या नव्हे, कुत्री. खंड्याएवढं पिल्लू म्हणजे त्याला न्याहारीही नाही.

पण रात्रभर हा धरून ठेवील कसा? नाहीच ठेवणार. मूत्राशयाचं दार आवळणारा स्नायू मेंदूच्या ताब्यात पुरता यायला काही महिने जातात. ढोबळ हिशेब असा, की पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवायचा, फार तर तितके तास. खंड्या दोन महिन्यांचा, म्हणजे तीन तास, तेही झोपेत. जागेपणी खेळताना अर्ध्या-पाऊण तासातच घाई होते. म्हणून मी मध्यरात्री उठतो. म्हाताऱ्या माणसाला तसंही उठावं लागतंच, दोघांचं एकदमच होतं.

आणि मघाशी तुम्हाला का पळवलं? घास पोटात पडला की जठराकडून मोठ्या आतड्याला सांगावा जातो, नवा माल आलाय, जुना पुढे ढकला. तुमच्यातही हेच होतं. सकाळी चहा प्याला की बापाला पेपर घेऊन कुठे जावंसं वाटतं, आठवा. खाल्ल्यावर, झोपेतून उठल्यावर, खेळून दमल्यावर, या तीन वेळा चुकवल्या नाहीत तर निम्मं काम झालं. पाचटावर त्याचं उरकलं की तिथल्या तिथे, लगेच, शाबासकी आणि शेंगदाण्याएवढा भाकरीचा तुकडा. घरात आल्यावर दिलात तर त्याला वाटेल घरात आल्याचं बक्षीस.

घरात झालंच तर त्याचं नाक त्यात घासायचं नाही. शेजारचे म्हणतील घासा. त्याने तो एवढंच शिकतो, की माणसासमोर करायचं नाही. मग कपाटामागे करतो आणि तुम्ही समोर असाल तर पाचटावरही बसत नाही. तेव्हा मुकाट्याने पुसून घ्या, साबणाच्या पाण्याने धुवा, वर थोडं पातळ केलेलं व्हिनेगर. अमोनियाच्या वासाची औषधं अजिबात नकोत. लघवीतला युरिया कुजला की अमोनियाच होतो. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, त्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. तुम्हाला फरशी स्वच्छ दिसते, त्याला तिथे पाटी लावलेली दिसते. फिनाइल ओलं असताना त्याला त्यावर सोडू नका, पंजे चाटतो तो.

आता एक खेळ. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये पॅट्रिशिया यांग आणि डेव्हिड हू यांनी प्राण्यांच्या लघवीची वेळ मोजली. हत्तीचं मूत्राशय १८ लिटरचं, मांजराचं चमचाभर, तरी तीन किलोवरचे बहुतेक सस्तन प्राणी सुमारे २१ सेकंदांत मोकळे होतात. मोठ्या प्राण्याची नळी लांब आणि रुंद, त्यामुळे धार जोरात पडते. खंड्या अजून तीन किलोचा नाही, त्याला हा नियम लागू नाही. वजन करत राहा, कधी लागू होतो ते बघू.

दुसरा खेळ याहून भारी. युरोपातल्या हिनेक बुर्डा, झाबिने बेगाल आणि मंडळींनी ७० कुत्र्यांच्या मागे फिरून त्यांच्या शौचाला बसण्याच्या १,८९३ नोंदी केल्या आणि २०१३ साली छापलं, की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्री उत्तर-दक्षिण रेषेत बसणं पसंत करतात. क्षेत्र हलतं असेल तर कशीही. लोक हसले, या मंडळींना २०१४ चा इग नोबेलही मिळाला, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाचा. त्या कुत्र्यांना दोरी नव्हती आणि ती मोकळ्या मैदानात होती. आपल्या अंगणाला दोन बाजूंनी भिंत आहे, म्हणून खंड्याला मळ्यात न्यायला लागलात की मग सुरू करा, सगळी लस टोचून झाल्यावर. तोवर पार्व्हो या जीवघेण्या रोगाचा धोका असतो. मोबाईलमधलं होकायंत्र काढायचं, शेपटीकडून मानेकडे रेघ धरायची, दिशा आणि वेळ लिहायची. आईने विचारलं वहीत काय आहे, तर सांगा भूगोलाचा गृहपाठ.