विश्लेषण : स्पीकरखाली रबरी पाय लावले की आवाज खरेच सुधारतो का?

होम थिएटर किंवा साउंडबार मागवला, की ऑनलाइन दुकान लगेच पुढची वस्तू दाखवते : स्पीकरखाली ठेवायचे फोमचे पॅड, रबराच्या वाट्या, टोकदार धातूचे पाय. किंमत काही शे रुपयांपासून अनेक हजारांपर्यंत. परदेशी बनावटीचे कंपनरोधक मंच तर लाखांच्या घरात. ‘कंपने थांबतात, आवाज स्वच्छ होतो’ हा दावा मात्र सगळ्यांचा सारखाच. तो कुठे खरा ठरतो आणि परभणी जिल्ह्यातील फरशीच्या, स्लॅबच्या किंवा पत्र्याच्या घरात त्याचा उपयोग किती, याचा हा आढावा.

दाव्यामागे विज्ञान आहे का?

आहे. वजनदार वस्तू मऊ आधारावर ठेवली, की खालची जलद कंपने तिच्यापर्यंत कमी पोहोचतात. याच तत्त्वावर 2001च्या भूकंपानंतर भूज येथील नव्या जिल्हा रुग्णालयाची इमारत शिसे-रबराच्या आधारांवर उभारली गेली.

पण आधार वजनाला साजेसा हवा. ढोबळमानाने, स्पीकरच्या भाराने रबर 1 मिलिमीटर दबले, तर त्याची नैसर्गिक कंपनसंख्या सेकंदाला सुमारे 16, म्हणजे 16 हर्ट्झ येते. तिच्या 1.4 पटीच्या वर, म्हणजे साधारण 22 हर्ट्झच्या पुढची कंपने अडू लागतात. रबर कडक असेल आणि जेमतेम 0.1 मिलिमीटर दबत असेल, तर हाच आकडा 50 हर्ट्झवर जातो. मग 70 हर्ट्झखालचे काहीच अडत नाही; 50 हर्ट्झच्या आसपासची कंपने तर वाढतात. म्हणजे चुकीचा पॅड खर्जाचा घुमार कमी करण्याऐवजी वाढवू शकतो. पॅड घेताना तो किती किलो वजनासाठी आहे, हे पाहणे म्हणूनच गरजेचे.

फरक सर्वात जास्त कुठे पडतो?

रेकॉर्ड प्लेअरमध्ये. तबकडीच्या खाचेतील मायक्रॉनमध्ये मोजाव्या लागणाऱ्या हालचालींचे सुई विजेत रूपांतर करते. ती हालचाल गाण्याची की टेबलाची, हे तिला कळत नाही. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले असतात आणि वाजवताना ॲम्प्लिफायर ते पुन्हा वाढवतो; 20 हर्ट्झला ही वाढ सुमारे 20 डेसिबल असते. त्यामुळे पावलांचा दणकाही मोठा होऊन ऐकू येतो. स्पीकर त्याच टेबलावर असेल, तर त्याचे कंपन सुईत, सुईतून पुन्हा स्पीकरमध्ये असे चक्र सुरू होऊन घूं घूं आवाज येतो.

परभणी आणि पूर्णा ही दोन्ही रेल्वे जंक्शने. रुळांलगतच्या घरात किंवा जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर रेकॉर्ड प्लेअर असेल, तर चांगला कंपनरोधक आधार खरोखर कामाचा. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे प्लेअर भक्कम भिंतीत ठोकलेल्या फळीवर, स्पीकरपासून दूर ठेवणे. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरलाही थोडा फायदा होतो, कारण काचेच्या नळीतील नाजूक भाग हलले की आवाजात टणटण उमटते.

मोबाइल, ब्लूटूथ आणि सीडीचे काय?

मोबाइलवरून येणारे गाणे आकड्यांच्या रूपात असते. ते वाचणाऱ्या चिपमध्ये सुईसारखा हलणारा भाग नाही. त्यामुळे सेट-टॉप बॉक्स, ब्लूटूथ रिसीव्हर किंवा साध्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरखाली महागडे पाय लावून कानाला कळेल असा फरक पडण्याचे कारण उरत नाही. 1982 मध्ये बाजारात आलेल्या सीडीतही चूक दुरुस्त करण्याची सोय आहे. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा खराब भागही ती पूर्ववत भरून काढते.

मग स्पीकरखाली पॅड ठेवावा का?

ते स्पीकर कशावर आहे, यावर ठरते. समजा, 20 ग्रॅमचा पडदा 5 मिलिमीटर पुढे गेला आणि खोके 8 किलोचे असले, तर खोके मागे सरकेल ते मिलिमीटरच्या सुमारे ऐंशीव्या भागाइतके. जमिनीवर बसवलेली जाड शहाबादी फरशी एवढ्याने हलत नाही. तिथे पॅडने पडणारा फरक नगण्य. टोकदार पाय तर कंपने अडवतही नाहीत. ते स्पीकर आधाराशी घट्ट जोडतात. गालिचा अंथरलेल्या लाकडी जमिनीवर स्पीकर डळमळू नये, यासाठी ते उपयोगी. फरशीवर मात्र ते ओरखडे पाडतात.

पोकळ प्लायवूडचे टीव्ही युनिट किंवा पत्र्याचे कपाट यांची गोष्ट वेगळी. त्यांचा पृष्ठभाग स्वतःच थरथरून आवाज काढतो. तिथे मऊ पॅड उपयोगी पडतो. फ्लॅटमध्ये सबवूफरखाली योग्य पॅड ठेवल्यास स्लॅबमधून खालच्या शेजाऱ्याकडे जाणारा दणकाही कमी होतो. हवेतून जाणारा आवाज मात्र तेवढाच राहतो. शोकेसची काच, भांडी किंवा छताचा पत्रा वाजत असेल, तर तो बहुधा हवेतील आवाजाने वाजतो. त्यावर उपाय पॅड नव्हे. सैल झालेला स्क्रू आवळणे किंवा फटीत रबराची पट्टी बसवणे, हा आहे.

घरच्या घरी तपासायचे कसे?

गाणे सुरू असताना टेबलावर तळहात ठेवावा. थरथर जाणवली नाही, तर पॅडला अडवण्यासारखे फारसे काही नाही. रेकॉर्ड प्लेअर असेल, तर आवाज कमी ठेवून, थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवावी आणि टेबलावर हलकेच टिचकी मारावी. स्पीकरमधून धप्प आवाज आला, तर आधार बदलणे फायद्याचे. जर्मनीतील आखेन विद्यापीठाच्या ‘फायफॉक्स’ या मोफत ॲपमध्ये मोबाइलच्या सेन्सरने टेबलाचे खर्जातील कंपन पॅडआधी आणि पॅडनंतर मोजता येते.

शेवटची कसोटी कानांची, पण डोळे मिटून. घरातील दुसऱ्या कोणीतरी पॅड कधी ठेवावा, कधी काढावा; आवाजाची पातळी आणि स्पीकरची उंची तीच ठेवावी. उंची चार बोटे वाढली किंवा स्पीकर कानाकडे कलला, तरी आवाज बदलतो आणि श्रेय पॅडला जाते. दहा-बारा वेळांपैकी जवळजवळ प्रत्येक वेळी ओळखता आले, तरच फरक खरा मानावा.

पैसे आधी कशावर खर्चावेत?

खोलीवर. दहा फुटी खोलीत समोरासमोरच्या भिंतींमुळे सुमारे 56 हर्ट्झचा सूर घुमतो आणि तो 10 डेसिबलपर्यंतही फुगू शकतो. शहाबादी फरशी आणि गिलाव्याच्या उघड्या भिंती वरचे सूर परतवत राहतात, त्यामुळे शब्द अस्पष्ट होतात. स्पीकर कोपऱ्यातून हात-दीड हात पुढे ओढणे, जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा आणि समोरच्या भिंतीलगत गाद्या-गोधड्यांची चळत, यांतील बरेचसे फुकट होते आणि त्याचा फरक पहिल्याच गाण्यात कळतो. त्यानंतरही टेबल थरथरत असेल, तरच पॅडचा विचार करावा.